दोन चांदूर

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बायकोनं आणि मी प्रताप नगरातल्या आमच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहून द्यायचा धंदा काढला. पहिलं गिऱ्हाईक शहराबाहेरच्या वाडी गावचा एक ट्रान्सपोर्टवाला. कुठल्या गावचा माल कोणत्या ट्रकमध्ये चढवायचा, याची यादी त्याला छापून हवी होती.

यादीचं काम बायकोनं चार दिवसांत उरकलं. पडद्याचं रूप माझ्याकडे. मी तीन आठवडे हिरव्या अक्षरांभोवती दुहेरी चौकट आखत बसलो. कोपरे जुळले की शीर्षक मधोमध दिसेना.

"अहो, त्यांना खताची पोती चढवायचीत," बायको म्हणाली. "चौकट कोण बघतंय?"

"पहिलं काम आहे. नीटनेटकं नको?"

"तुमचे कोपरे जुळेपर्यंत पेरण्या उरकतील."

एका सोमवारी मी आंघोळीला गेलेला पाहून ती फ्लॉपी पर्समध्ये टाकून वाडीला गेली आणि प्रोग्राम चालू करून आली. मी दिवसभर बोललो नाही. तिच्या ते संध्याकाळी लक्षात आलं.

गुरुवारी शेजाऱ्यांकडे ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन. "साहेब, चांदूर बाजारचा माल चांदूर रेल्वेले जाऊन पडला ना! ड्रायव्हर मले शिव्या देऊन राहिला."

आम्ही मोपेडवरून वाडीला निघालो. मी समजूतदार चेहरा केला होता, पण गाडी ती चालवत असल्यानं तिला तो दिसला नाही.

गावाच्या नावाला तिनं आठच इंग्रजी अक्षरांची जागा ठेवली होती. चांदूरच्या पुढचं सगळं कापलं जात होतं, म्हणून दोन्ही गावं यादीत नुसती चांदूर.

"मी इचारलं होतं, कोन्तं चांदूर गा?" म्हातारा हमाल म्हणाला. "तं हापिसातला बाबू म्हणे, कॉम्प्युटरनं छापलं, चढव."

"घाई," मी हळूच म्हणालो.

"कबूल. पण तुम्ही तीन आठवडे त्याच पडद्यासमोर होतात. रकाना अरुंद आहे, हे दिसलं नाही?"

दिसलं होतं. रुंद केला असता तर चौकट मोडली असती. हे मी तिथं, हमालासमोर, कबूल केलं. ती इतकी हसली की ट्रान्सपोर्टवाल्यानं चहा मागवला.

दहा मिनिटांत तिनं रकाना रुंद केला. चौकटीची उजवी बाजू पडद्याबाहेर गेली, तिच्याबद्दल कुणी विचारलंही नाही. नवी यादी आधी बाबूनं हमालाला वाचून दाखवली, मग ट्रक भरला.

पुढच्या कामाला तपासणीसाठी मी दोन दिवस मागितले. तिनं एक दिला.