पाच बोटांचा खोंड

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि खालून बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक हजार. नव्वदच्या दशकात आळ्याच्या बाजूला मी असे कितीतरी सौदे केले. कुणाच्या ओळखीवर नाही, या दहा बोटांवर वर आलो.

डिंगोऱ्याचा एक व्यापारी माझा जुना दोस्त. एका बाजाराला माझा खोंड त्याच्या मनात भरला. मी पाच बोटं दाबली, त्यानं चार. सकाळपासून दुपारपर्यंत चारच. माझं डोकं मुळात तापट, त्यात ऊन.

"चार-चार काय लावलंय? तीन क्वार्टर पाणी न घालता संपव, चारला घेऊन जा!"

"शब्द फिरवशील, राव."

"न्हाई फिरवत. पण तुला जमायचं न्हाई."

हे शेवटचं बोलायला नको होतं. गडी काटकुळा, सकाळपासून पोटात नुसता चहा, वर सर्दीची गोळी. हॉटेलच्या मागे बाकड्यावर बसून त्यानं तिन्ही क्वार्टर पंधरा मिनिटांत रिचवल्या, ग्लास पालथा घातला, "चार!" म्हणाला आणि थोड्या वेळाने तिथेच आडवा झाला.

आधी आम्ही हसलोच. त्याचा मेहुणा सोबत होता. तो म्हणाला, "लई झाली. झोपू द्या, उतरंल." कुणी लिंबू पिळून आणलं, कुणी डोक्यावर ओतायला बादली.

मी त्याचा हात धरला, तर गार. एवढ्या उन्हात गार! मी पाच बोटं दाबली. हा माणूस झोपेतही चार दाबणार, याची मला खात्री होती. पण एकही बोट हललं नाही. ओठ निळसर पडलेले. घोरणं मध्येच थांबायचं, मग पुन्हा सुरू. तेवढ्यात तो उताणा असतानाच त्याला उलटी झाली आणि घशात घरघर सुरू झाली. मी त्याला कुशीवर लोटलं, तोंडात बोट घालून साफ केलं आणि ओरडलो, "जीप आणा!"

मेहुणा आडवा आला. "पावणं, दवाखान्यात काय सांगायचं? आमच्या घराची इज्जत हाय. ऊन लागलं म्हनू."

"मी खरं तेच सांगणार. आडवा आलास तर आधी तुला भरती करीन!"

आळेफाट्याच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं: किती प्याला, किती वेळात प्याला, कसली गोळी घेतली. ते म्हणाले, "माणूस निजला तरी पोटातली दारू रक्तात चढतच राहते. उपाशी पोटी तर झपाट्यानं. सर्दीच्या गोळीनं गुंगी वाढते, श्वास मंदावतो. बेशुद्ध माणसाला लिंबूपाणी पाजलं असतं तर ते फुप्फुसात गेलं असतं. झोपू दिला असता, तर उठला नसता."

दिवस कलताना मी खाटेजवळ बसलो, त्याच्या हातावर रुमाल टाकला आणि पाच बोटं दाबली. बराच वेळ काही नाही. मग हळूहळू एक, दोन, तीन... चार. डोळे मिटलेलेच, पण भाव तोच!

पैजेबद्दल त्याच्या घरच्यांनी मला कधी बोल लावला नाही. खरं तर तोच लावायला हवा होता, कारण तीन क्वार्टर माझ्याच तोंडातून निघाल्या. त्यांचा राग दवाखान्याचा. "चारचौघांत दारू पिऊन पडला म्हनून सांगितलं," एवढंच त्यांनी धरून ठेवलं. आभार राहिले बाजूला, पुढे त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आली नाही. ती पोर लग्नाची झाली तेव्हा पत्रिका छापायला बाप जिवंत होता, हे कुणाच्या ध्यानात नाही.

शब्द दिला होता, म्हणून खोंड चारला दिला. पाचाचा होता, हे मी आजही सांगतो.