वूफरची पिन

आमचे धाकटे भाऊजी कुणाच्याही घरात शिरले की माणसांकडं नाही, आधी स्पीकरकडं बघायचे. पाण्याचा तांब्या हातात, आणि तोंडानं सुरू, "डावा स्पीकर फाटलाय. आजचा न्हाई, लई दिवसांचा. घरात कुणालाच कान न्हाईत का?"

पारनेरला त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद करून सावेडीत आमच्या शेजारी राहायला आले, तरी मंडपवाले नवे कर्णे घेताना त्यांनाच गाडीवर बसवून न्यायचे. भाऊजींनी मान हलवली तरच माल घ्यायचा. बायको गेल्यापासून त्या माणसाकडं तेवढंच उरलं होतं, कान आणि कानाचा मान.

जीभ मात्र, काय सांगू तुम्हाला! मी भजनी मंडळात गाते. एकदा सगळ्या बायकांपुढं म्हणाले, "वहिनी, तुमी टाळ लई छान वाजवता. तेवढाच वाजवा." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. पण पुढची वीस वर्षं गायला तोंड उघडलं की आधी ते वाक्य आठवायचं.

मागल्या वर्षी ह्यांनी घरच्या जुन्या स्टिरिओला जोडायला सबवूफर आणला, गाण्याचा खालचा दणका वाढवणारा डबा. दुकानदार ओळखीचा. आठ दिवस वाजवून बघा, नको तर परत द्या म्हणाला. मी म्हटलं, "भिंती पाडायच्यात का?" हे म्हणाले, "ठेवायचा का नाही ते धाकटा सांगेल." आणि नेमकं भजनाला बायका जमल्या होत्या त्या दुपारीच त्यांना बोलावलं.

भाऊजींना कमी ऐकू यायला लागलंय, हे एव्हाना मला कळलं होतं. मागं कुकरची शिट्टी झाली तरी त्यांची मान वळत नसे. ते डोळे मिटून सोफ्यावर बसले. ह्यांनी आधी नुसता स्टिरिओ लावला. मग म्हणाले, "आता वूफरसकट ऐक." तेवढ्यात मी मागं हात घालून वूफरची पिन बोर्डातून उपसली.

भाऊजींनी मन लावून ऐकलं. बोट वर केलं. "आता गाण्याला पोट आलं! ठेव दादा. हा फरक लहान पोरालाबी कळंल."

मी पिन उंच धरली. "कुठल्या पोराला हो, भाऊजी?"

बायका हसल्या. ते हसणं त्यांना ऐकू आलं का, माहीत नाही, दिसलं मात्र. पिनेची वायर कुठं जाते ते त्यांनी नजरेनं शोधलं. "व्हय वहिनी," एवढंच म्हणाले. जाताना उजवा पाय डाव्या चपलेत घातला, तो काढून परत घातला.

मंडपवाले यायचे थांबले. बातमी पोचवायला आमचं मंडळ पुरेसं होतं. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी वूफर परत दिला. 

दिवाळीनंतर भाऊजींची लेक त्यांना कायमचं तिसगावला न्यायला आली. निघायच्या दिवशी आमच्याकडं भजन ठेवलं. अभंग माझ्याकडं होता, पण दुसऱ्या ओळीपासून आवाजच फुटेना. मी नुसते ओठ हलवले. टाळ तेवढे वाजत होते. भाऊजी समोर बसून माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते. संपल्यावर उठून जवळ आले आणि सगळ्यांपुढं म्हणाले, "वहिनी, आज सूर लागला बघा. मी उगीच बोललो हुतो."

वीस वर्षं मला हेच ऐकायचं होतं. या वेळी कुणी हसलं नाही.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "तुम्ही म्हणता म्हणजे लागलाच असणार, भाऊजी."

त्यांनी मान हलवली, मंडपवाल्यांचा माल पास करताना हलवायचे तशी.