डावखुऱ्या पिचरची बदली

नॉटिंगहॅमला मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहत होते त्या बाई ऐंशीच्या आसपासच्या होत्या, जन्माने तिथल्याच, आणि क्रिकेटचा त्यांना मनापासून कंटाळा होता. खोली बघायला गेले तेव्हा वयस्क इंग्लिश माणसाशी बोलायला हमखास चालणारा विषय म्हणून मी कसोटीच्या मैदानाबद्दल काहीतरी कौतुकाचं बोलले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला कम्प्युटरवर रेडिओ लावता येतो का?"

येतो म्हटलं. खोली मला मिळाली.

रेडिओ लागायचा तो अमेरिकेतल्या बेसबॉलच्या कॉमेंटरीसाठी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी बाईंनी एका अमेरिकन सैनिकाशी लग्न केलं होतं आणि त्याच्याबरोबर त्या तिकडच्या एका कारखान्यांच्या शहरात गेल्या होत्या. नवरा पाळीवर जायचा, शेजाऱ्यांना यांचे उच्चार कळायचे नाहीत. त्या पहिल्या उन्हाळ्यात संध्याकाळभर आपल्याशी सलग बोलणारा एकच माणूस होता, तो रेडिओवरचा कॉमेंटेटर, असं त्या सांगायच्या. बेसबॉल त्या अशा शिकल्या. चाळीसएक वर्षांनी नवरा गेला, तेव्हा त्या घर विकून सरळ नॉटिंगहॅमला परत आल्या. मागे राहिला एक मुलगा, आणि तो संघ.

मी पुण्याहून वर्क परमिटवर आलेली, एका कंपनीच्या फायनान्समध्ये. सोबतची मंडळी रविवारी लेस्टरला देशी भाजी आणायला जायची किंवा कुणाच्या तरी घरी जमायची. मी बाईंच्या किचनमध्ये लॅपटॉप उघडून बसायची. तिकडची दुपारची मॅच आमच्याकडे रविवारी संध्याकाळी लागायची, बाई शेंगा निवडत ऐकायच्या, आणि मला समजत नाही असं दिसलं की हातातली शेंग ओट्यावर ठेवून समजावून सांगायच्या. बोलताना मी त्यांना त्यांच्याच आग्रहावरून नावाने हाक मारत असे. मनात मात्र त्या कायम 'अहो बाई'च राहिल्या.

त्यांचा संघ हरणारा होता. कधीतरी चमकून जाणारा नव्हे, नेमाने हरणारा. त्या संघात एक डावखुरा पिचर होता, म्हणजे आपल्या भाषेत बोलर म्हणा. पस्तिशी ओलांडलेला, खांदा दुखरा, वेग गेलेला, पण बॅट्समनला चकवायची अक्कल शाबूत. खेळायला लागला त्या वर्षापासून तो याच संघात होता. बाईंचा त्याच्यावर फार जीव. टीव्हीवर त्यांनी त्याला कधीच पाहिलं नव्हतं, पण कॉमेंटेटरच्या आवाजावरून आज त्याचा खांदा कसा आहे ते त्या सांगायच्या.

मुलाचा फोन यायचा तोही रविवारीच, मॅच संपल्यावर. मुलगा पन्नाशी उलटलेला, विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं की मायलेक फक्त बेसबॉलबद्दल बोलतात. तब्येत, हवा, नातवंडं या गोष्टी पहिल्या दोन वाक्यांत उरकायच्या, आणि मग खरं बोलणं सुरू व्हायचं.

तो उन्हाळा बेसबॉलच्या दृष्टीने नेहमीसारखाच वाईट होता. जुलै उजाडला आणि बदल्यांचा विषय निघाला. तिकडे रीत अशी की जुलैच्या अखेरीपर्यंत संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करू शकतात. ज्यांचं काही खरं नाही असे संघ आपले जुने, चांगले खेळाडू जिंकणाऱ्या संघांना देतात आणि बदल्यात पोरसवदा मुलं घेतात, पुढेमागे उपयोगी पडतील म्हणून. सकाळी एका गावाचा असलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या गावाचा होतो. मी हे बाबांना फोनवर सांगितलं तर ते चक्क चिडले. भर मोसमात माणसं अशी वांग्या-बटाट्यासारखी विकतात, त्याला खेळ म्हणायचं का, असं त्यांचं म्हणणं. पुढे चार-दोन वर्षांनी आपल्याकडे क्रिकेटपटूंचे लिलाव सुरू झाले, तेव्हा अमक्याला महाग घेतला का, यावर माझं मत विचारायला त्यांनी आपणहून फोन केला. पण ते पुढचं.

मुलाचं मत होतं, डावखुऱ्याला द्यावा. त्याच्या कारकिर्दीची दोन वर्षं उरलीत, आपण काही जिंकत नाही, त्याच्या बदल्यात दोन तरुण मुलं मिळतील. बाईंना हे ऐकवेना. त्यांचा मुद्दा वेगळाच होता. लीगचा एक नियम होता: जो बरीच वर्षं खेळला आहे आणि त्यातली शेवटची काही सलग एकाच संघात काढली आहेत, अशा खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय पाठवता येत नाही.

"त्याला विचारावं लागेल," बाई फोनवर म्हणाल्या. "आणि तो नाही म्हणेल."

जुलैभर हेच चाललं. रविवारचा फोन पुरेना, म्हणून मुलगा मध्येच ईमेल पाठवायला लागला. बाईंच्या बोटांना संधिवात, त्यामुळे उत्तरं टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मी ऑफिसातून आले की केटल लावायची, लॅपटॉप उघडायची, आणि बाई खिडकीशी उभ्या राहून मजकूर सांगायच्या. सुरुवातीला मी तो जरा सौम्य करत असे. त्या म्हणाल्या, त्याला सांग की तो मूर्ख आहे आणि त्याच्या बापालाही पिचिंगमधलं काही कळत नव्हतं. मी लिहिलं की आईंचं या बाबतीत थोडं वेगळं मत आहे. उलट उत्तर आलं: हे कुणी लिहिलंय? तेव्हापासून पाठवण्याआधी बाई चष्मा लावून स्वतः वाचू लागल्या, आणि 'मूर्ख' हा शब्द जागच्या जागी राहू लागला.

मी मुद्दाम तटस्थ होते. पण एकदा टाइप करता करता मी म्हणाले की त्या पिचरला एकदा तरी जिंकावंसं वाटत असेल. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की त्या आठवड्यातली माझी भाजी मला एकटीलाच खावी लागली. एरवी त्यांच्या परसातल्या रनर बीन्सची मी गोडा मसाला घालून भाजी करायची, ती त्या टोस्टवर घेऊन खायच्या.

जुलैच्या शेवटच्या दिवशी आम्ही जेवणं आटोपून लॅपटॉपसमोर बसलो. बाहेर अजून उजेड होता, शेजारी कुणीतरी लॉन कापत होतं. मी सारखं पान रिफ्रेश करत होते. मुदत संपता संपता बातमी आली: डावखुऱ्याला पश्चिमेकडच्या एका मोठ्या संघाने घेतलं. खाली त्याचं दोन ओळींचं निवेदन होतं. त्याने संमती दिली होती. या शहराने मला सगळं दिलं, असं काहीसं म्हणून त्याने पुढे म्हटलं होतं की हात चालतोय तोवर एकदा मोठ्या सामन्यांत खेळून बघायचंय.

मी ते वाचून दाखवलं. बाईंनी पुन्हा वाचायला सांगितलं.

"म्हणजे त्याला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तो हो म्हणाला."

त्यांनी माझ्या हातातला कप घेतला, त्यात चहा शिल्लक होता तरी, आणि विसळून ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी रेडिओ लागला नाही. मुलाचा फोन वाजला, तो त्यांनी वाजू दिला. पुढच्या रविवारीही तेच. मुलाने मला वेगळी ईमेल केली, आई बरी आहे ना? मी कळवलं की बऱ्या आहेत, शेंगा काढताहेत, फक्त तुमच्यावर रागावल्या आहेत. यात मुलाचा दोष काय, हे मला समजत नव्हतं. बदली काही त्याने केली नव्हती. पण बाईंच्या लेखी तो आणि पिचर एका बाजूचे होते.

ऑगस्टच्या मध्यावर एका संध्याकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं की त्या दुसऱ्या गावची कॉमेंटरी या डब्यावर लागते का. लागते म्हटलं. मग आम्ही ती ऐकायला लागलो. बाईंनी त्या संघाला कधी 'आपला' म्हटलं नाही. तिथला कॉमेंटेटर फार बडबड करतो, त्याला पिचरचा खांदा दिसत नाही, अशी त्यांची तक्रार. मात्र डावखुरा जिंकला की त्या दिवशी जेवणानंतर कस्टर्ड असायचं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मी बोलून दाखवलं नाही.

सप्टेंबरमध्ये मुलगा आला. आठवडाभरासाठी, न बोलावता. उंच, वाकलेला, खूप आदबशीर माणूस. आल्या आल्या माझ्याशी हात मिळवून म्हणाला, तर ते टाइपिंग तुमचं. दोन दिवस तो छपराच्या पन्हळी साफ करणं, दिव्यांचे बल्ब बदलणं असली कामं करत राहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंनी रोस्ट केला आणि मलाही टेबलावर बसवलं. मी खोलीत जाते म्हटलं, तर म्हणाल्या, तू बस. मधे कुणीतरी हवं होतं, हे नंतर कळलं.

मुलाने खिशातून एक चकचकीत पत्रक काढून टेबलावर ठेवलं. त्याच्या घरापासून जवळ वृद्धांसाठी छान व्यवस्था होती. स्वतंत्र खोली, नर्स, बाग. हॉलमध्ये मोठा टीव्ही, मोसमातली प्रत्येक मॅच. तो हे सगळं पत्रकाकडे बघतच बोलला.

बाईंनी चाकू-काटा खाली ठेवला.

"तू विचारायला आलायस की सांगायला?"

मी माझ्या ताटातल्या पार्सनिपच्या फोडींकडे बघत होते.

"विचारायला," तो म्हणाला.

"मग नाही."

"बरं."

"बटाटे घे अजून."

त्याने बटाटे घेतले. मी इतक्या मोठ्या विषयाचा इतका छोटा निकाल तोवर पाहिला नव्हता. आमच्याकडे आत्याने फ्लॅट विकायचा की नाही यावर दोन दिवाळ्या गेल्या होत्या. जेवण झाल्यावर मुलगा भांडी पुसायला उभा राहिला तेव्हा तो मला आल्यापासून पहिल्यांदाच मोकळा दिसला. शिट्टी वाजवत होता. पत्रक कुणी उचललं ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पेपरांच्या रिसायकलिंगमध्ये होतं.

तो परत निघाला त्या सकाळी माझी ऑफिसची वेळ आणि त्याची गाडी जुळत होती, म्हणून आम्ही ट्रामने स्टेशनपर्यंत बरोबर गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं की डावखुऱ्याला द्यावं हे तुमचं म्हणणं शेवटी बरोबर निघालं, तिकडे तो चांगला खेळतोय.

तो हसला. "मला तो जायला नको होता. मी शाळेत होतो तेव्हापासून इतका चांगला डावखुरा आमच्याकडे आलाच नव्हता."

मग महिनाभर ते कशाला, असं मी विचारलं.

"मी तिच्याशी सहमत झालो की फोन संपतो," तो म्हणाला. "बाबा गेल्यावर एक वर्ष मी तसं करून पाहिलं. हो आई, बरोबर आहे आई. चार मिनिटांत ठेवायची. मग एकदा मी चुकून म्हणालो की आमचा कॅचर जाडा झालाय. पाऊण तास बोलत होती."

आता तो दर शनिवारी पेपर वाचून एखादं न पटणारं मत शोधून ठेवायचा. या वेळी ते जरा जास्तच ताणलं गेलं, असं त्याने कबूल केलं. खेळ स्वतः तो फारसा बघत नव्हता, त्याला बागकामाची आवड होती. स्टेशन आल्यावर त्याने बॅग उचलली आणि हे आईला सांगू नका म्हणाला. ऑफिसात जाऊन मी त्या दिवशी एकही आकडा नीट जुळवला नाही. त्यांच्या भांडणासाठी मी जुलैभर 'मूर्ख'चं स्पेलिंग तपासत बसले होते.

डावखुऱ्याचा नवा संघ त्या शरदात मोठ्या सामन्यांच्या पहिल्याच फेरीत बाहेर पडला. पुढच्या वर्षी करार संपल्यावर तो जुन्या संघात परत आला, तेव्हा बाईंनी फक्त विचारलं, खांदा कसा आहे म्हणतात?

त्याआधी, मुलगा अमेरिकेला परत गेल्यानंतरचा पहिला रविवार. आमचा नेहमीचा संघ नेहमीसारखा हरला. मॅच चालू असताना बाईंनी मला सांगितलं की या सगळ्या गोंधळात संघाचा मॅनेजर, म्हणजे आपल्याकडचा कोच, तेवढा शहाणा आहे, तो टिकला पाहिजे. मी मान डोलावली, मला पटलंही होतं. मॅच संपल्यावर फोन वाजला. मी गॅसपाशी होते. बाईंनी तो दुसऱ्या रिंगला उचलला, हवेबद्दल दोन वाक्यं झाली, आणि मग खुर्ची ओढून नीट टेकून बसत त्या मुलाला म्हणाल्या, "मला वाटतं आपल्या त्या मॅनेजरला उद्याच्या उद्या काढून टाकायला हवं."

मी ढवळायचं थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोनवर हात ठेवला, आणि कांदा खाली लागतोय म्हणून खूण केली.