नेवासा ते मिरजगाव, टोमॅटोच्या बियासाठी

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. थोरला भाऊ अण्णा गेला आणि पुढच्याच हिवाळ्यात नेवाशाच्या आमच्या मळ्यात त्याचे बोराएवढे, गोड संकरित टोमॅटो आलेच नाहीत. बी मीच धरलं होतं, राखेत चोळून, वांग्याचं धरतात तसं. आले ते लहानमोठे, आंबटढाण. मला अण्णाचे टोमॅटो हवे होते; खरं तर अण्णाच हवा होता. दर हिवाळ्यात तो मिरजगावला ताईकडे जायचा; मूळ बी तिच्याकडे असेल म्हणून निघालो.

सकाळच्या एसटीने नगर, तिथून सोलापूर रस्त्याची गाडी. नगरच्या स्टँडवरची भजी कालच्या तेलातली असावीत, पण थंडीत चालून गेली. मागच्या बाकावर बसू नका, हा सल्ला आजही देईन. पाठीचा खुळखुळा होतो. पाऊस कमी झालेला, दुतर्फा ज्वारी गुडघ्याएवढीच.

ताईने न्हाणीच्या सांडपाण्यावर चार झाडं जगवली होती. फळ चाखलं. बारीक, गोड, पण पाणचट.

"हे नव्हे गं ताई."

"न्हवंच ते. दुसरं झाड तुझ्याच मळ्यात हाय, हिरीपाशी. दरसाल दोगांचं लगीन लावावं लागतं. बी धरून न्हाई भागत."

"अण्णा मला बोलला नाही कधी!"

"तू इचारलंस कवा? खायाला तेवडा पुढं."

"मग दोन्ही झाडं एका जागी का नाही लावली?"

ताई पदराला हात पुसत राहिली. "मी बी तेच म्हनले. तर म्हनला, मग तुज्याकडं यायला निमित्त कुटलं?"

सकाळी तिने फुलं झटकून परागाची पूड रिकाम्या काडेपेटीत भरून दिली. परतीच्या गाडीत शेजाऱ्याने बिडीसाठी काडी मागितली, पेटी हलवून पाहिली. "रिकामीच की वो!"

"रिकामी नाही," म्हणत मी ती घाईने खिशात घातली.

घरी विहिरीजवळच्या झाडाच्या कळ्या ताईने सांगितल्याप्रमाणे उकलल्या, आतले केसर खुडले, पूड लावली. त्या फळांचं बी पेरलं आणि पुढच्या हिवाळ्यात अण्णाचे टोमॅटो आले. पहिली परडी घेऊन मी ताईकडेच गेलो.

पुढे कितीतरी हिवाळे जात राहिलो. दोन्ही झाडं आमच्या अंगणात सहज मावली असती, पण लावली नाहीत. गेल्या वर्षी ताई गेली. यंदा तिच्याकडचं झाडही इकडे आणलं, दोन्ही कुंड्यांत लावून शेजारी-शेजारी ठेवलीत. टोमॅटो येतील, तसेच गोड येतील.

या हिवाळ्यात मला कुठेच जायचं नाही.