लाभ, दोन, तीन

दामोदरभाऊ गेले आणि आमच्या भागातल्या संगणकयुगाचा सूर्य मावळला, असं त्यांच्या शोकसभेत अध्यक्षांनी जड आवाजात सांगितलं. आलापल्लीत हा सूर्य नेमका कधी उगवला होता, याविषयी माझ्याकडे खात्रीलायक माहिती नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेतले बरेचसे संगणक कापडी खोळीत झाकलेले असतात. खोळी अजून चांगल्या स्थितीत आहेत. वीज असते तेव्हा नेटवर्क नसतं, आणि दोन्ही असतात तेव्हा किल्ली ज्यांच्याकडे आहे ते अहेरीला गेलेले असतात. दामोदरभाऊंचा संगणकयुगाशी संबंध एवढाच, की आठवडी बाजाराच्या दिवशी ते मारोतीच्या चहाच्या टपरीमागे बाकावर बसत आणि नुकतंच प्रोग्रामिंग शिकायला लागलेली मुलंमुली आपल्या अडचणी घेऊन त्यांच्याकडे येत.

बातमी मला मारोतीनेच दिली. सकाळी फोन केला. "सर, भाऊ गेले जी," म्हणाला. मग म्हणाला, "आज बाजार आहे…" त्याच्या म्हणण्याचा अर्थ मला तिथे गेल्यावर कळला. तीनचार मुलं येऊन बसली होती. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मुलचेऱ्याकडचा एक मुलगा मान खाली घालून अगदी हळू आवाजात विचारता झाला, "मंग आता कोणाले विचारावं जी?" प्रश्न रास्त होता. पण मी जन्मभर मराठी शिकवलं.

आम्ही दोघे एकाच शाळेत होतो. ते गणित शिकवत. निवृत्तीनंतर मी वाचायला लागलो आणि ते अस्वस्थ व्हायला लागले. हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलाने आपला जुना लॅपटॉप त्यांना देऊन टाकला, पत्ते खेळण्यासाठी. भाऊंनी त्यावर प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. ते फार पुढे गेले असं नाही. मुलांच्या पुस्तकात ते साधारण दोन धडे पुढे असत, आणि परीक्षा जवळ आली की एकच. पण ज्याला पहिल्या धड्यातच धाप लागली आहे, त्याला दोन धडे पुढचा माणूस देवासारखा वाटतो. कॉलेजात विचारायची मुलांना लाज वाटे. एवढंही येत नाही का, हे सरांनी म्हणायच्या आधी मुलं स्वतःच स्वतःला म्हणत आणि गप्प बसत. टपरीवर लाज वाटत नसे, कारण शेजारीच कोणीतरी कोंबडीवरून घासाघीस करत असे आणि तिच्यापुढे आपला प्रश्न बराच सभ्य वाटे.

भाऊंची ख्याती झाली ती त्यांच्या दृष्टांतांमुळे. एकच काम परत परत करायला लावणाऱ्या सूचनेला प्रोग्रामिंगमध्ये लूप म्हणतात. भाऊ म्हणत, लूप म्हणजे रोवणी. बाया धान रोवत ओळीने मागे सरकतात, बांध आला की थांबतात. "बांध सांगतला नाई तं बाई रोवत रोवत तेलंगणात जाईल," असं म्हटलं की पोरं खो खो हसत, आणि लूप कुठे थांबवायचा हे पुन्हा कोणी विसरत नसे. कोणीतरी त्याचं मोबाईलवर चित्रण केलं. ते फिरलं. मग शाल आणि श्रीफळ आलं, मग दुसरी शाल आली. भाऊंना शाली आवडत, हे मान्य करायला हवं. भर उन्हाळ्यात एक शाल घडी घालून खांद्यावर टाकून बाजारात यायचे. मी काही बोललो की म्हणायचे, "तुले भेटली नाई म्हणून."

सगळ्यात गाजला तो लाभाचा दृष्टांत. यादीतल्या पहिल्या गोष्टीला संगणक एक म्हणत नाही, शून्य म्हणतो. नवशिक्यांना हे काही केल्या पटत नाही. भाऊंनी एकदा बाकावर बसल्या बसल्याच खळ्यावर नेलं सगळ्यांना. धान मोजायला बसलेला माणूस पहिल्या पायलीला एक म्हणतो का? नाही. तो म्हणतो, लाभ. मग दोन, मग तीन. एक म्हटलं तर रास आटते, असं आपण मानतो. "तसाच कम्प्युटर. पहिल्याले त्याचंही नाव येगळं. आपण लाभ म्हणतो, तो शून्य म्हणते." मी तिथे होतो. मुलांचे चेहरे उजळले, मारोतीने चहा गाळायचा थांबवला, आणि खोटं कशाला सांगू, मलाही ते फार सुंदर वाटलं. सुंदर गोष्टींबद्दल मी एरवी सावध असतो. त्या दिवशी राहिलो नाही.

शीतल तेव्हा पहिल्या वर्षाला होती. मुलचेरा तालुक्यातल्या एका गावची. घराच्या मागे चार बांध्या धानाच्या आणि शेवटच्या बांधापासून जंगल. वसतिगृहात राहायची. बोलायची कमी, पण एकदा ऐकलेलं सोडायची नाही. प्रोग्रामिंगच्या पेपरात ती आधीच एकदा राहिली होती. दुसऱ्या वेळी प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला वीज गेली आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रोग्राम कागदावर लिहून मागितला. पाच गावांची यादी करा, एकेक गाव छापा. शीतलने लिहिलं. तोंडी परीक्षेतही तेच ठामपणे सांगितलं. आणि नापास झाली.

पुढच्या बाजारात तिने भाऊंना आपण काय लिहिलं ते सांगितलं. कुठे चुकलं हे तिला खरोखरच कळत नव्हतं. शून्य क्रमांकाचं गाव छापा, मग दोन क्रमांकाचं, मग तीन, चार, पाच. म्हणजे यादीतलं दुसरं गाव गायब आणि शेवटी नसलेलं सहावं गाव मागितलेलं. संगणकावर असतं तर लगेच दिसलं असतं. कागद मात्र काहीही निमूट सहन करतो.

भाऊ म्हणाले, "शून्यानंतर दोन काऊन लिवलं बाई?"

"तुमीच तं सांगतलं भाऊ," ती म्हणाली. "लाभ, दोन, तीन."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने फक्त संदर्भ दिला. भाऊंनी शाल खांद्यावरून काढून मांडीवर ठेवली… आणि त्यानंतर ती शाल बाजारात कधी दिसली नाही.

दुसऱ्या आठवड्यात शीतलचे वडील आले. मोहफुलं वेचायच्या दिवसांत माणूस पहाटेपासून कामात असतो, तरी आले. म्हणजे विषय गंभीर होता. पोरगी दोनदा राहिली, तिला कम्प्युटर जमत नसेल तर घरी न्यावी, आईला हात होईल, असं त्यांचं म्हणणं. रागावलेले नव्हते. बी लावून दोनदा उगवलं नाही तर माणूस जागा बदलतो, त्या सुरात बोलत होते. शीतल शेजारीच उभी होती आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. भाऊ म्हणाले, चूक पोरीची नाही, माझी आहे. मी उदाहरण अर्धं दिलं, तिने पुरं घेतलं. वडिलांनी विचार केला आणि म्हणाले, "मंग तुमालेच घरी न्याले पायजे." मारोती हसला. शीतलही हसली असावी, तिने तोंड फिरवलं होतं. शेवटी ठरलं ते असं, की आणखी एक वेळ. कम्प्युटरात या खेपेला पास निघाली तर शिकेल, नाहीतर घरी.

तेव्हापासून भाऊंनी दृष्टांत बंद केले. रोवणी बंद, खळं बंद, सगळं बंद. मुलं आग्रह करायची, व्हिडिओवाले तर फारच. ते नुसते मान हलवत. नवा नियम असा झाला, की ज्याला अडचण आहे त्याने आपला प्रोग्राम मोठ्याने वाचायचा, ओळीओळीने, आपल्या घरच्या बोलीत, आणि प्रत्येक ओळ काय करते ते सांगायचं. भाऊ डोळे मिटून ऐकत आणि "पुढं" म्हणत. बस्स. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतली एक मुलगी बंगालीत वाचायची, सिरोंच्याचा एक जण तेलुगूत. भाऊंना दोन्हींतलं अक्षरही कळत नसे. ते गंभीरपणे "पुढं" म्हणत. मुलगी सहाव्या ओळीवर अडखळायची, परत मागे जायची, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि लॅपटॉप मिटून "झालं भाऊ" म्हणून निघून जायची. मी एकदा म्हटलं, तुमच्या जागी पाण्याचा माठ ठेवला तरी चालेल. ते म्हणाले, "माठ पुढं म्हणत नाई." पद्धत हळू होती, कंटाळवाणी होती, आणि तिचं चित्रण करायला कोणी आलं नाही. काही मुलं येईनाशी झाली. शीतल मात्र दर बाजाराला यायची. "शून्य नंबरचं गाव छाप. आता नंबर एकनं वाढव. किती झाला? एक." एवढंच ती इतक्या वेळा म्हणाली असेल, की मारोतीला प्रोग्रामिंग येत नसूनही शून्यानंतर काय येतं याविषयी त्याच्या मनात कधीच शंका राहणार नाही.

परीक्षेच्या सुमारास भाऊंना चंद्रपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो त्याच दिवशी शीतलही आली, परीक्षा देऊन, थेट बसने. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलंच नाही. "वाच," म्हणाले. तिच्याजवळ कागद नव्हता. ती खाटेशेजारी उभी राहिली आणि आपण परीक्षेत लिहिलेला प्रोग्राम पाठ म्हणू लागली, खालच्या आवाजात, एका लयीत, प्रत्येक ओळ आपल्या झाडीबोलीत फोडून. भाऊंचे डोळे मिटलेले. मध्येच ओठ हलत, पुढं… आवाज फुटत नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. शीतलचं म्हणून संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. नंतर मला बाहेर विचारलं, कोणतं स्तोत्र होतं जी, लय चांगलं म्हणते पोरगी. मी म्हटलं, गावांची यादी आहे. तिला ते पटलं नाही.

शीतल थांबली तेव्हा भाऊंनी डोळे उघडले. "दुसरं गाव आलं," म्हणाले. ही आमची शेवटची भेट. निकाल लागायच्या आधी ते गेले.

शोकसभा पंचायत समितीच्या सभागृहात झाली. दोन मिनिटं शांतता पाळायची होती, ती पंख्याच्या आवाजामुळे नीट पाळता आली नाही. वक्त्यांनी दामोदरभाऊंचं योगदान सांगितलं आणि एकामागून एक सगळ्यांनी तोच दृष्टांत दिला. लाभ, दोन, तीन. आपल्या मातीतलं ज्ञान त्यांनी संगणकाला कसं जोडलं, वगैरे. शीतल माझ्या शेजारी बसली होती. प्रत्येक वेळी ती माझ्याकडे बघायची आणि मी पंख्याकडे. मग कोणीतरी तिचं नाव पुकारलं, विद्यार्थ्यांच्या वतीने दोन शब्द. ती उठली. ध्वनिक्षेपक तिच्या उंचीपेक्षा वर होता, तो कोणी खाली केला नाही.

"भाऊनं मले शिकवलं," ती म्हणाली, "का शून्यानंतर एक येते."

आणि खाली बसली. सभागृहात एकदम शांतता झाली, मघाच्या पाळलेल्या शांततेपेक्षा कितीतरी चांगली. मग अध्यक्षांनी समारोप केला. शून्यानंतर एक, या वाक्यात सगळं अध्यात्म आहे, असं ते म्हणाले, आणि शून्याची थोरवी सांगत बराच वेळ बोलले. शीतलने मला हळूच विचारलं, "ह्यायले नाई समजलं का जी?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "मंग वाचाले लावा."

आता महिना उलटून गेला आहे. बाजाराच्या दिवशी मी टपरीमागे जातो, चहा प्यायला म्हणून. बाकावर भाऊ बसत त्या जागी मारोती कांद्याचं पोतं ठेवतो, कारण जागा रिकामी ठेवणं त्याला परवडत नाही. मुलं पोत्याच्या दोन्ही बाजूंना बसतात. एक जण वाचतो, दुसरा डोळे मिटतो. डोळे मिटायचं कारण त्यांना माहीत नाही. भाऊ मिटत म्हणून. मला विचाराल तर भाऊंना त्या वेळी बऱ्याचदा डुलकी लागत असे. पण ओळ संपली की "पुढं" मात्र वेळेवर येतं. मुलचेऱ्याकडच्या त्या मुलाला आता कोणाला विचारावं हा प्रश्न पडलेला दिसत नाही. परवा एका नव्या मुलीला तोच "पुढं" म्हणत होता, आणि ती आपल्या माडिया बोलीत वाचत होती.

निकाल गेल्या आठवड्यात लागला. शीतल प्रोग्रामिंगमध्ये पास झाली, चांगल्या गुणांनी. वडिलांनी शब्द पाळला. वसतिगृहात राहू दे म्हणाले. टपरीवर सगळ्यांना चहा झाला. मग तिने गुणपत्रिका माझ्याकडे दिली आणि खालची ओळ वाचायला सांगितली. मी मोठ्याने वाचली.

पर्यावरणशास्त्रात ती नापास आहे. जंगलाचे उपयोग लिहा, असा प्रश्न होता.