वहिनी पास

बाळांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या मोठ्याने मला एका मोटारसायकलचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "आजी, बघ, किती हलकी आहे ही!" माझ्या शेजारी बसलेले तुमचे आजोबा उठून आत गेले. धाकटीने विचारलं, "आजोबा रागावले का?" मी म्हटलं, त्यांच्या चहाची वेळ झाली. ते खरं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. आणखीही एक कारण आहे. गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आपल्या शेडमधून यंत्रं उचलून नेली. कारखाना का बंद झाला असं तुम्ही कधी विचारलंत, तर तुमचे बाबा एका वाक्यात सांगतील, "आजोबांना काळाबरोबर बदलता आलं नाही." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं आहे. त्यात एक चूक आहे, ती मला दुरुस्त करायची आहे.

हे इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं आणि कारखान्याची इंग्रजी पत्रं मीच लिहायचे, तेव्हा मलाही ते अवघड नव्हतं. पण या हकिकतीतला मुख्य शब्द इंग्रजीत नेता येत नाही. मराठीत कमी वजनाची वस्तू हलकी, आणि वाईट प्रतीची वस्तूही हलकीच. चांगली ती भारी. कोल्हापुरात तर रश्श्यापासून जावयापर्यंत सगळं एक तर भारी असतं, नाही तर हलकं. कुठे अडलात तर बाबांना विचारा. त्यांनीही हे वाचलेलं बरं.

आपल्या शेडमध्ये इंजिनं बनत नव्हती. मोटारसायकलच्या डाव्या बाजूला, मागच्या चाकापाशी एक जाळी असते आणि तिच्याखाली पाय ठेवायला पट्टी. जाळीला साडी गार्ड म्हणतात, पट्टीला पायदान. साडी नेसलेली बाई दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसते. तिचा पदर आणि निऱ्या चाकात जाऊ नयेत म्हणून जाळी, आणि तिचा तोल सावरायला पायदान. एका मोठ्या मोटारसायकल कंपनीला आपण या दोन्ही वस्तू पुरवत होतो. शेडमधली निम्म्याहून जास्त माणसं याच कामावर होती.

कंपनीची तपासणीची रीत वेगळी होती, आजोबांची वेगळी. नवा साचा तयार झाला की त्यातला पहिला नग ते स्वतःच्या गाडीला बसवायचे आणि मला हाक मारायचे, "अगं, चल, जाऊन येऊ." साडी, हातात भरलेली पिशवी, तुमचे बाबा लहान होते तेव्हा मांडीवर ते. गगनबावड्याच्या रस्त्याला लागायचं. इतर लोक खड्डे चुकवतात, आजोबा हुडकून काढायचे. परत आलो की आमचे मेस्त्री, म्हणजे शेडमधले सगळ्यात जुने कारागीर, दारात उभे असायचे. ते पायदानाकडे बघायचेच नाहीत, माझ्याकडे बघायचे.

"वहिनी पास?"

"पास," मी म्हणायचे, आणि मग पत्रा दाबून आकार देणारा प्रेस सुरू व्हायचा.

एकदा मी म्हटलं, डाव्या टाचेला कड टोचते आहे. लगेच साच्याची कड घासायला सुरुवात. मेस्त्री घासता घासता म्हणाले, "वहिनी, वजन वाढलं तर आधी सांगा बरं का. कंपनीला कळवाय लागतंय, ड्रॉइंग बदलाय लागतंय!" आजोबा सोडून सगळे हसले. आजोबा म्हणाले, "बदलायची काय गरज न्हाय. आपलं पायदान दोन वहिन्या तोलतंय."

तुमच्यातला मोठा नुकता चालायला लागला होता, त्या सुमाराची पुढची गोष्ट. कंपनीच्या खरेदी विभागातला एक तरुण अधिकारी नवं ड्रॉइंग घेऊन आला. पत्रा पातळ, वेल्डिंगचे टाके कमी, आधाराची एक पट्टी काढूनच टाकलेली. त्याच्याबरोबरच्या पत्रात 'परफॉर्मन्स' हा शब्द पुन्हा पुन्हा आला होता. मी आजोबांना मराठीत सांगताना 'कामगिरी' म्हटलं. आजोबा म्हणाले, "पायदानाची कसली कामगिरी? वाकायचं न्हाय, एवढीच."

अधिकारी समजावू लागला, "काका, गाडी हलकी करायची आहे."

मेस्त्रींनी मान वर केली. "आजपतूर भारी हुती की सायेब. हलकी कशापायी करताय?"

"तसं नाही हो मेस्त्री. वजन कमी करायचं. पिकअप वाढतो. इंजिन नवीन आहे, जबरदस्त आहे."

"मग इंजिनचं वजन कमी करा की."

"ते कसं करणार? लोक इंजिन बघून गाडी घेतात. पायदान बघून आजवर कुणी गाडी घेतली आहे का?"

आम्ही स्वतः जी गाडी घेतली तीसुद्धा आजोबांनी इंजिनचा आवाज ऐकूनच घेतली होती.

तो मुलगा वाईट नव्हता. दुपारी आपल्याकडे जेवला, भाकरी दोनदा मागून घेतली. मी म्हटलं, इंजिन मोठं, वेग जास्त, मग मागे बसणाऱ्याला आधार जास्त हवा की कमी? तो म्हणाला, "काकू, तुमचं बरोबर आहे. पण आमच्याकडे काहीतरी कमी करून आणलं तरच काम केलं असं धरतात. इंजिनला जे जास्त लागलं, ते कुठून तरी काढायला नको?" पुढे त्यालाही नोकरीवरून कमी केलं, असं कानावर आलं.

ड्रॉइंगप्रमाणे नमुना तयार झाला. कंपनीच्या प्रयोगशाळेत तो पास झाला. तिथल्या यंत्राने त्याच्यावर सरळ, सावकाश भार टाकला आणि पट्टीने तो पेलला. मग आजोबांनी दुसरा नग गाडीला बसवला आणि मला हाक मारली.

त्याच गगनबावड्याच्या रस्त्यावर, कळे गावाच्या पुढे एका गतिरोधकावर माझा पाय खाली जातो आहे असं वाटलं. काही तुटलं नाही, आवाजही झाला नाही. पायदानाने नुसती मान टाकली. माझी चप्पल सटकून रस्त्यावर गेली, मी एका हाताने आजोबांचा शर्ट धरला, दुसऱ्या हाताने निऱ्या. गाडी थांबली. आजोबा खाली बसून ती पट्टी बोटांनी दाबून बघू लागले. म्हशी घेऊन चाललेला एक माणूस थांबला.

"पावणं, गाडी तर झ्याक हाय. पायदान का लोंबतंय?"

"वाकलंय."

"लोकल बसवलासा काय?"

"न्हाय," आजोबा म्हणाले. "कंपनीचं हाय."

"मग व्हय! काढून टाका त्ये. कोल्हापुरात उद्यमनगरात जावा, तिथं लोकल चांगली करून देत्यात. वाकायची न्हाईत जल्मात."

मला हसू आलं. आजोबांकडे बघितलं आणि ते गिळलं. त्या माणसाने माझी चप्पल काठीने पुढे सरकवली आणि तो म्हशींच्या मागे गेला.

शेडच्या दारात मेस्त्री उभे होतेच. "वहिनी पास?" मी म्हटलं, "नापास." त्यांना थट्टा वाटली. मग त्यांनी चपलेचा तुटलेला अंगठा बघितला आणि ते आत निघून गेले.

त्या दिवशी जेवताना तुमचे बाबा आणि आजोबा यांच्यात जे बोलणं झालं ते जसंच्या तसं सांगते. बाबा इंजिनिअर होऊन शेडमध्येच काम बघत होते.

"बाबा, ते तुटलेलं नाही, वाकलंय. तेवढं वाकणं त्यांना चालतं. टेस्ट पास आहे."

"तुझी आई बसली हुती त्याच्यावर."

"आई म्हणजे एक नमुना झाला. एका नमुन्यावर काही ठरवता येत नाही."

मी म्हटलं, "हा नमुना विचारतोय, भात वाढू का?" कुणी हसलं नाही.

"आपण नाही केलं तर शेजारचा करेल," तुमचे बाबा म्हणाले. "पायदान असंच होणार आहे, बाबा. फक्त आपली माणसं घरी बसतील."

तेही खोटं नव्हतं. आजोबांनी एक मधला मार्ग काढला. पत्र्याला मधोमध एक घडी घातली तर वजन जवळजवळ तेवढंच राहतं आणि पट्टी वाकत नाही. त्यांनी तसा नग करून दाखवला. मी सविस्तर पत्र लिहिलं, माझ्या मते चांगलं लिहिलं होतं. उत्तर एका ओळीचं आलं. ड्रॉइंगप्रमाणे पुरवठा करावा.

आणि आजोबांनी ड्रॉइंगप्रमाणे पुरवठा केला.

तुमच्या बाबांच्या वाक्यातली चूक ती ही. आजोबा बदलले. शेडमधल्या माणसांकडे बघून त्यांनी पातळ पत्रा मागवला, टाके कमी केले, आणि ट्रक भरून माल जाऊ लागला. मला त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. मेस्त्रींनीही काही विचारलं नाही. मंडईत जायचं झालं तर मी रिक्षा करू लागले, आणि ते का, हे आम्ही दोघं कधी बोललो नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर एक जोडपं गारगोटीहून आलं. गाडी नवीकोरी होती. बाई हातात निऱ्यांचा बोंगा धरून उभी होती.

"मालक, ह्येला भक्कम पट्टी मारून द्या. कंपनीचं लई हलकं आलंय."

"मी म्हनलं हुतं, जुनी इकू नगा," बाई म्हणाली. "आयकतंय कोण? ह्यास्नी पिकअप पायजे! मी मागं हाय का पडले, त्ये तरी बघतासा का?"

"पडलीस तर आवाज येतोयच की तुजा," नवरा म्हणाला.

आजोबांनी वाकलेलं पायदान काढून उलटं केलं. खालच्या अंगाला आपल्या शेडचा ठसा होता. त्यांनी ते मेस्त्रींच्या हातात दिलं नाही. जाड पट्टी कापून स्वतः वेल्डिंग केलं, कड घासली. बाईने बसून पाय दाबून बघितला. "आता भारी झालं," ती म्हणाली. "आसं त्या कंपनीला का जमत न्हाय वो?"

"जमतंय," आजोबा म्हणाले. "करत न्हाईत."

ती दोघं गेल्यावर ते नळाखाली हात धूत उभे राहिले. मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होते.

त्यानंतर तशी माणसं येतच राहिली, कुणी शाहूवाडीकडून, कुणी कागलकडून. एकाच शेडमध्ये सकाळी पायदान पातळ होत होतं आणि दुपारी तेच जाड करून मिळत होतं. असं काही काळ चाललं. मग कंपनीने जाळी प्लॅस्टिकची केली, आणि पायदान आपल्याहून पातळ करून द्यायला लांबचा कुणी पुरवठादार तयार झाला. आपलं काम थांबल्याचं पत्र चांगल्या इंग्रजीत होतं. आधी वेल्डिंगवाले गेले, मग घासणारे. ज्यांच्यासाठी आजोबा वाकले होते त्यांतल्या कुणाचंही काम वाचलं नाही. तुमचे बाबा तुम्हाला घेऊन परदेशी गेले. त्यांनी योग्य केलं. इथे त्यांच्यासाठी काही उरलं नव्हतं.

तुम्ही विचाराल, आजोबांनी तेव्हा नाही म्हटलं असतं तर? तरी हेच झालं असतं, फक्त लवकर. आज सिग्नलला उभी राहते तेव्हा दिसतं, गाड्या दिसायला देखण्या, इंजिनं गुरगुरणारी, आणि मागे एखादी बाई काडीएवढ्या पट्टीवर अंग चोरून टेकलेली. ती तक्रार करत नाही, कारण गाडी तिने घेतलेली नसते. जो घेतो तो पुढे बसतो. हे बदलेल असं मला वाटत नाही. बराच विचार करून लिहिते आहे. दुसरं काही सापडलं असतं तर तेच लिहिलं असतं.

यंत्रं नेणाऱ्यांना एक जुना प्रेस नको होता. तो मेस्त्रींनी ठेवून घेतला आहे. आठवड्यातून काही दिवस शेड उघडते, आणि त्या प्रेसवर दारांच्या बिजागऱ्या होतात. जाड पत्र्याच्या.