पुढचा टायर तात्यांचा

ऑगस्टमध्ये आमची फौजेची कॉलम पूर मदतीसाठी बारामतीला आली. मुक्काम जळोचीच्या एका शाळेत. माझं गाव पिंपळी तिथून हाकेच्या अंतरावर, पण घरी जायची परवानगी नव्हती. मी सिग्नलचा हवालदार, कॉलमचा डीआर, म्हणजे डिस्पॅच रायडर. वायरलेसवरून पाठवता येत नाही ते सगळं मोटरसायकलवरून न्यायचं, हे माझं काम. होड्यांची तुकडी नरसिंहपूरला, भीमा-नीरेच्या संगमावर होती.

सिव्हिलमधले लोक दुकानात जाऊन टायर निवडतात. फौजेत स्टोअर देईल तो टायर. आम्हाला पुढे-मागे दोन्हीकडे बटन टायर मिळाले होते, मोठमोठ्या रबरी ठोकळ्यांचे. डोंगरात त्यांच्यासारखे टायर नाहीत. पण आमच्याकडची काळी माती म्हणजे काय चीज आहे, ते स्टोअरला कुठून कळणार? मला कळायला हवं होतं. पहिल्याच सकाळी ०७.१५ वाजता शेताच्या वाटेवर पुढचं चाक चिखलानं जाम झालं आणि मी हँडलवरून पुढे गेलो. आमचे सुभेदारसाहेब हरियाणाचे. ते पोट धरून हसले.

"अपने ही गाँव में गिरा, हवालदार?"

मला राग आला, आणि तो त्यांचा नव्हता, माझाच होता.

शाळेसमोर शंकरतात्या दूध घालायला यायचे. तीस वर्षं एकाच गाडीवर कॅन लादून फिरलेला माणूस. गाडी आमच्याच जातीची, चाकं त्याच मापाची. त्यांनी माझ्या पुढच्या चाकाला पायानं ठोकरलं.

"ह्यो टायर फुडं कुनी घातला रं?"

"सरकारनं, तात्या."

"मागच्या चाकाला इंजिन ढकलतंय. फुडच्याला कोन ढकलनार? तुजा सुभेदार? ह्या ठोकळ्यांत माती बसती, मडगार्डात थापली जाती, आन् चाक गपकन् थांबतं. मागं ऱ्हाऊ दे तुजं बटन. फुडं लाईनचा टायर घाल, सरळ रेघांचा. माती धरत न्हाय आन् हँडल आयकतं. आन् मडगार्ड काढून फेक."

"लाईनचा आणू कुठनं?"

"माजा घे. मी चार दिस डोक्यावरनं दूध घालीन."

मी सुभेदारसाहेबांना विचारलं. उत्तर ठरलेलं होतं: स्टोअरचा टायर लेखी परवानगीशिवाय उतरणार नाही. नियम चुकीचा नव्हता. प्रत्येकानं मनाला येईल ते गाडीला लावलं तर फौज चालायची नाही. तरीही मी दोन दिवस धुमसत होतो.

तिसऱ्या दिवशी १४.२० वाजता वायरलेस सेटवर नाईक बलबीरचा आवाज आला. बलबीर गढवालचा, होडी चालवणारा, माझा जिवलग दोस्त.

"बोट का पंखा टूट गया। पानी के नीचे पेड़ का ठूँठ था। टीले पर नौ आदमी हैं, पानी चढ़ रहा है। ओवर."

"दूसरी बोट? ओवर."

"वो नदी के पार, ऊपर के गाँव में। छह बजे तक टीला नहीं बचेगा। ओवर."

टेकाडावर नऊ जणांचं एक धनगर कुटुंब अडकलं होतं. होडीच्या इंजिनाचा सुटा पंखा आमच्याकडे बारामतीत. मोठ्या रस्त्यावरचा पूल पाण्याखाली, त्यामुळे ट्रकचा उपयोग नव्हता. उरला कालव्याचा भराव, निव्वळ काळी माती.

सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "पहुँचेगा?"

"या टायरवर नाही, साहेब."

त्यांनी वाकून पुढचं चाक पाहिलं. मग म्हणाले, "बदल। कागज मैं लिखूँगा।"

तात्या, मी आणि एक टायर लिव्हर. सोळा मिनिटांत तात्यांचा टायर माझ्या चाकात होता. मडगार्ड शाळेच्या ओट्यावर. पंखा पोत्यात गुंडाळून पाठीला बांधला आणि १४.४५ ला निघालो.

भरावावर दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नव्हतं. मागचं चाक सापासारखं वळवळत होतं, पण ढकलत होतं. पुढचं चाक मी सांगेन तिकडे जात होतं. चिखल थेट तोंडावर यायचा, तो पुसायला हात मोकळा नव्हता. दोनदा मागचा भाग कालव्याकडे घसरला. दोन्ही वेळा पुढच्या चाकानं वाट सोडली नाही. मी मोठमोठ्यानं तात्यांचं नाव घेत होतो, शिव्या आणि आशीर्वाद एकत्र. एकदाही पडलो नाही. १७.०५ ला नरसिंहपूर.

बलबीरनं पोतं माझ्या पाठीवरून ओढूनच घेतलं. दहा मिनिटांत पंखा बसला. होडीत एका वेळी पाच माणसं. पहिल्या फेरीत पोरं आणि बाया. त्या घरातली ठकूबाई आजी मात्र कोकरं सोडून यायला तयार नव्हती. जनावरं घ्यायची नाहीत असा हुकूम होता. दुसऱ्या फेरीत आजीच्या मांडीवर दोन कोकरं होती आणि एक बलबीरच्या जॅकेटमध्ये.

१७.५२ ला त्यानं सेट उचलला. "टीला खाली। सब किनारे पर। ओवर."

 पलीकडून साहेब म्हणाले, "शाबाश। आउट।" काठावरच्या लोकांनी आम्हाला उचलून घेतलं. माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत तसा आनंद मला दुसऱ्यांदा झाला नाही.

दोन हिवाळ्यांनंतर बलबीर उत्तरेत पेट्रोलिंगवर असताना कोसळलेल्या हिमकड्याखाली गाडला गेला.

मी निवृत्त झाल्यावर नरसिंहपूरकरांनी माझा सत्कार ठेवला. तात्या पहिल्या रांगेत होते. नारळ-शाल झाल्यावर ठकूबाई काठी टेकत पुढे आली.

"हवालदार, त्यो होडीवाला पोरगा कुठं हाय? त्याला न्हाय का बोलवला?"

मी सांगितलं.  ती म्हणाली, "आय हाय का त्याची?"

"आहे."

"लाव फोन."

बलबीरच्या आईला मी हिंदीत सगळं सांगितलं. आजीला हिंदी येत नव्हती. तिनं फोन हातात घेतला, स्वतःचं नाव सांगितलं आणि फोन मुलाच्या हातात दिला. त्यानं नाव सांगून बायकोला दिला. असा तो फोन त्या घरातल्या एकेका माणसाकडून पुढे गेला. टेकाडावर चार वर्षांची असलेली मुलगी शेवटची होती. तिनं नाव सांगितलं आणि फोन मला दिला.

पलीकडे ती माउली मोजत होती.

"नौ," ती म्हणाली. "पूरे हैं।"